सळईचा गंज आणि मार्चमधला रंग

सांगली-मिरजेत ज्याला सगळे ‘सिव्हिल’ म्हणतात, तशा कोणत्याही जुन्या सरकारी रुग्णालयाच्या इमारतीत गिलाव्याचे पापुद्रे सुटलेले दिसले, की आपण पावसाला दोष देतो. पण खरे कारण बहुधा भिंतीच्या आत असते, आणि ते पाऊस येण्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून काम करत असते.

ताजे काँक्रीट अतिशय अल्कधर्मी असते. त्याचा सामू 12.5 ते 13च्या आसपास असतो आणि त्यामुळे आतल्या सळईभोवती ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर तयार होऊन ती सुरक्षित राहते. हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरून तिथल्या चुन्याचे कॅल्शियम कार्बोनेट करतो, सामू 9च्या खाली उतरतो आणि सळईचे कवच नाहीसे होते. मग ओल आणि ऑक्सिजन मिळाले की गंज चढतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा किमान दुप्पट जागा व्यापत असल्याने काँक्रीट आतूनच फुटू लागते. हा शिरकाव सुरुवातीला वेगाने होतो आणि नंतर मंदावतो, कारण खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते: 4 वर्षांत 5 मिलिमीटर, तर 10 मिलिमीटरला 16 वर्षे आणि 20 मिलिमीटरला 64 वर्षे. हे बऱ्या काँक्रीटचे गणित झाले. पाणी जास्त घालून केलेल्या कामात सळईपर्यंतचे अंतर निम्म्याहून कमी काळात कापले जाते. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1962 साली सुरू झाले. त्या पिढीतल्या राज्यभरच्या इमारती आता हा शिरकाव सळईपर्यंत पोहोचण्याच्या टप्प्यावर आहेत.

त्यात कृष्णेची भर. 2005, 2019 आणि 2021च्या पुरांत सांगलीच्या नदीकाठच्या वस्त्यांनी पाणी पाहिले. पूर ओसरला तरी केशाकर्षणाने भिंतीत चढलेली ओल अनेक आठवडे टिकते, आणि गंजाला तीच हवी असते. शेजारच्या सातारा जिल्ह्याला भूकंपाची आठवण आहे: 11 डिसेंबर 1967चा कोयनेचा धक्का. खांब मोडण्याआधी वाकावेत, यासाठी उभ्या सळयांभोवतीच्या रिंगा जवळजवळ बांधण्याचे तपशीलवार भारतीय मानक, आयएस 13920, मात्र 1993 साली आले. म्हणजे त्याआधीच्या इमारतींत गंजाबरोबर हेही तपासावे लागते.

आता पैशाकडे वळू. डी सिटर या अभियंत्याने 1984 साली एक ठोकताळा मांडला: बांधताना जिथे 1 रुपया पुरला असता, तिथे गंज सुरू होण्याआधीच्या देखभालीला 5, गंज लागल्यावर 25 आणि तो पसरल्यावर 125 रुपये लागतात. आकडे काटेकोर नाहीत, पण दिशा बरोबर आहे. आपली अर्थसंकल्पीय रचना नेमकी उलट्या दिशेने ओढते. आरोग्याचा महसुली, म्हणजे चालू खर्च 2210 या लेखाशीर्षाखाली आणि भांडवली, म्हणजे नव्या बांधकामांसारखा खर्च 4210 खाली पडतो. नव्या इमारतीला कोनशिला मिळते, गळक्या स्लॅबच्या जलरोधनाला मिळत नाही. देखभालीचा न वापरलेला निधी 31 मार्चला व्यपगत होत, म्हणजे बुडत असल्याने वर्षअखेरीस जे काम लवकर उरकते तेच होते, म्हणून मार्चमध्ये रंग दिला जातो. आणि माझ्या मते हा रंगच सर्वांत महागडा, कारण तो भेगा झाकून पुढच्या तपासणीपर्यंत सर्वांना निर्धास्त करतो.

शिवाय रुग्णालय रिकामे करता येत नाही. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी असते, प्रसूतिकक्षाला नसते; त्यामुळे एकेक कक्ष हलवून काम करावे लागते आणि पर्यायी जागा, ऑक्सिजनची वाहिनी व वीज यांचा खर्च अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरला नाही, तर काम अर्ध्यावर थांबते. वीजवाहिन्यांची दुरुस्ती याच अंदाजपत्रकात यायला हवी. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 रोजी नवजात कक्षाला आग लागून 10 बाळे दगावली, तेव्हा रुग्णालयाच्या इमारतीचा धोका फक्त छताचा नसतो हे राज्याने पाहिले.

निधी कुठे आधी द्यायचा हे ठरवायला महागडी यंत्रे लागतातच असे नाही. काँक्रीटच्या ताज्या तुटीवर फिनॉल्फ्थॅलिन हे अल्कधर्मी जागी रंग बदलणारे रसायन फवारले, की निरोगी भाग गुलाबी होतो आणि कार्बन डायऑक्साइड पोहोचलेला भाग बिनरंगी राहतो. त्या बिनरंगी पट्ट्याची रुंदी दर पाच वर्षांनी प्रत्येक इमारतीच्या नोंदवहीत मिलिमीटरमध्ये लिहिली, तर कोणत्या कक्षाला 5 रुपयांतच वाचवता येईल आणि कोणता 125च्या टप्प्यावर गेला आहे, हे अंदाजपत्रक मांडण्याआधीच कळेल.