मठ्ठ बिडाचं कौतुक

बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा सगळीकडे सारखा तापतो, असं इंदूरच्या बर्तन बाजारात सर्रास ऐकू येतं. ते खरं नाही. पडताळून बघायचं असेल तर थंड, कोरड्या तव्यावर चाळणीने कणकेचा पातळ थर भुरभुरा, गॅस मध्यम ठेवा आणि नुसतं बघत राहा. थोड्या वेळात बर्नरच्या ज्वाळांची बांगडी कणकेत तपकिरी उमटते. त्या वेळी कडेची कणीक अजून पांढरीच असते. ॲल्युमिनियमच्या जाड तव्यावर हाच डाग पसरट येतो, कारण ॲल्युमिनियम उष्णता बिडाच्या चौपटीने वाहून नेतं. उष्णतेच्या बाबतीत बीड मठ्ठच.

मग ते घ्यायचं कशाला? साठवणीसाठी. इथेही एक गंमत आहे. ग्रॅमला ग्रॅम तोललं तर उष्णता धरून ठेवण्यात ॲल्युमिनियम बिडाच्या दुप्पट सरस ठरतं. पण अडीच किलोचा ॲल्युमिनियमचा तवा कोण करतो? अडीच किलो बीड २५ अंशांवरून २०० अंशांवर न्यायला सुमारे २०० किलोज्यूल लागतात, तर अर्धा किलोच्या ॲल्युमिनियमच्या तव्याला जेमतेम ८०. आता त्यावर थालीपीठ थापलं. दीडशे ग्रॅमचा ओला गोळा नुसता शंभर अंशांपर्यंत तापायलाच तीसेक किलोज्यूल ओढतो. हलक्या तव्याची पुंजी त्यात भसकन उतरते, थालीपीठ चिकटतं नि वाफाळत बसतं. बिडाला तेवढा खर्च फारसा जाणवत नाही. तपकिरी रंग आणि खमंगपणा देणारी मेलार्ड अभिक्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे जोर धरते, आणि बिडाचा तवा थालीपीठ पडल्यावरही त्या पातळीच्या वर टिकून राहतो.

म्हणून पहिल्या थालीपिठाआधी मंद आचेवर सात-आठ मिनिटं द्यावीत. उष्णता कडेपर्यंत पोचायला तेवढा वेळ लागतोच. घाईने आच मोठी केली की मधे करपतं आणि कडेला कच्चं राहतं. थेंब टाकून बघण्याची जुनी रीत शास्त्राला धरून आहे. थेंब चुर्र होऊन विरला तर थालीपिठाला हरकत नाही. तो मोत्यासारखा गडगडत पळू लागला तर तवा २००च्या आसपास किंवा पुढे गेला समजा. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि तो तव्याला टेकतच नाही. जर्मन डॉक्टर लायडनफ्रॉस्टने १७५६ साली याचं वर्णन केलं.

बीड म्हणजे २ ते ४ टक्के कार्बन असलेलं लोखंड. शुद्ध लोखंड १५३८ अंशांना वितळतं, बीड साडेअकराशे-बाराशेलाच पातळ होतं, म्हणून वाळूच्या साच्यात ओतता येतं. इंग्लंडात अब्राहम डार्बीने अशा ओतीव भांड्यांचं पेटंट १७०७ मध्ये घेतलं. त्याच कार्बनची दुसरी बाजूही आहे. आतल्या ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळे बीड ठिसूळ असतं. कोटा फरशीवर पडलं तर दोन तुकडे होऊ शकतात, आणि तापल्या तव्यावर गार पाणी ओतलं तर तडाही जातो.

सीझनिंगबद्दल जेवढा बाऊ केला जातो तेवढा कशाचाच नसेल. तेल तापलं की त्यातल्या असंतृप्त मेदाम्लांच्या साखळ्या हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने एकमेकींत गुंततात आणि लोखंडावर कडक, काळा थर बसतो. हा थर आता तेल उरलेला नसतो, पॉलिमर झालेला असतो. म्हणून भांड्यांच्या साध्या साबणाने तो जात नाही. खुशाल धुवा, फक्त लगेच गॅसवर कोरडा करा. माळव्यात तर यासाठी सोयाबीन तेल घरात असतंच, आणि असंतृप्त मेद भरपूर असल्याने ते शेंगदाणा तेलापेक्षा बरं जमतं. खोबरेल मात्र या कामाचं नाही. तेलाचा हात लावून जवळजवळ सगळं पुसून काढायचं. जाड थर नीट जुळत नाही, चिकटच राहतो.

चिंचेची आमटी किंवा टोमॅटोची भाजी बिडात शिजवत ठेवू नये. आम्ल तो थर खातं आणि लोखंड पदार्थात उतरवतं. टेक्सासमधल्या १९८६च्या एका अभ्यासात लोखंडी भांड्यात शिजवलेल्या टोमॅटोच्या सॉसमधलं लोह १०० ग्रॅममागे ०.६ मिलिग्रॅमवरून ५.८च्या घरात गेलं होतं. ॲनिमियाच्या दृष्टीने ही वाईट बातमी नव्हे. चव मात्र धातूची लागते.

ब्रेडसाठी झाकणाचं बिडाचं पातेलं लागतं. २००६ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये जिम लेही या बेकरची न मळता करायच्या ब्रेडची कृती आली आणि घरोघर ही पद्धत पोचली. रिकामं पातेलं ओव्हनमध्ये २३० अंशांवर अर्धा तास तापवायचं, त्यात सैलसर गोळा टाकायचा, अर्धा तास झाकण ठेवायचं, मग काढायचं. गोळ्यातून निघालेली वाफ आतच कोंडली जाते. ती गार पृष्ठभागावर पाणी होऊन बसते, तेव्हा दर ग्रॅममागे सुमारे २,२६० ज्यूल सोडते. पृष्ठभाग ओला आणि लवचीक राहतो, ब्रेड मनसोक्त फुगतो, आणि वरच्या स्टार्चची खळ होऊन पुढे तिचा चकचकीत, कुरकुरीत पापुद्रा बनतो.

दाल-बाफले, म्हणजे डाळीसोबत कणकेचे भाजलेले गोळे, खाणाऱ्यांना यात नवं वाटू नये. बाटी थेट भाजतात, म्हणून ती खरखरीत होते, भेगाळते. बाफला आधी उकळत्या पाण्यात टाकतात, तरंगला की काढून मग कंड्यांवर, म्हणजे गोवऱ्यांवर, किंवा गॅस तंदुरात भाजतात. वरचा स्टार्च पाण्यातच फुगून खळ झालेला असतो. पातेल्यातल्या वाफेचं काम इथे पाणी करतं.

गहू मात्र निवडून घ्यावा. माळव्याचा मालवी किंवा काठिया गहू बाफल्याला, रव्याला उत्तम, पण त्याचं ग्लुटेन ताठ असतं, ताणलं की तुटतं. नुसत्या त्याच्या कणकेचा ब्रेड बसका होतो. अर्ध्याहून जास्त मैदा हवाच. लेहीच्या कृतीत पीठ बारा ते अठरा तास ठेवतात, तेही २१ अंशांच्या आसपासच्या स्वयंपाकघरात. इंदुरात जानेवारीत तेवढा वेळ, थंडीची लाट असेल तर आणखीही, लागतो. मे महिन्यात ओट्यावर ठेवलेलं तेच पीठ रातोरात आंबट होऊन खाली बसतं. तेव्हा ते दोन-तीन तासांनी फ्रिजमध्ये सरकवावं.