साखरेचे औषध आणि वजनाचे औषध: एकत्र येण्यामागचा इतिहास

मधुमेहाची आणि वजन घटवणारी औषधे आज एकाच रुग्णाच्या चिठ्ठीवर सर्रास दिसतात, परंतु गेल्या शतकाचा बहुतेक काळ या दोन शाखा एकमेकींपासून फटकून वाढल्या. एवढेच नव्हे, तर साखर उतरवणारी बरीच औषधे वजन वाढवत असत. 1922 साली टोरांटोत इन्शुलिन प्रथम रुग्णाला टोचले गेले आणि त्याने असंख्य जीव वाचवले; पण इन्शुलिन शरीरात चरबी साठवण्याचेही काम करते. 1942 साली फ्रान्समधील माँपेलिए येथे विषमज्वरावर सल्फा औषध देताना रुग्णांची साखर धोकादायकरीत्या उतरल्याचे मार्सेल जानबाँ यांच्या ध्यानात आले, आणि त्या निरीक्षणातून पुढे सल्फोनिलयुरिया गटाच्या गोळ्या निघाल्या. त्याही वजन वाढवणाऱ्याच. 1957 साली झाँ स्टेर्न यांनी पुढे आणलेले मेटफॉर्मिन हा यातला मोठा अपवाद होता.

वजनाच्या औषधांचा इतिहास मात्र मन विषण्ण करणारा आहे. 1930च्या दशकातील डायनायट्रोफेनॉलने लोकांना मोतीबिंदू झाले आणि काहींचे प्राणही गेले. फेनफ्लुरामिन हृदयाच्या झडपांना इजा करते असे दिसल्यावर 1997 मध्ये, तर सिब्युट्रामिन हृदयविकाराच्या भीतीमुळे 2010 मध्ये बाजारातून काढून घेण्यात आले. ही परंपरा पाहिलेले डॉक्टर वजनाच्या प्रत्येक नव्या औषधाकडे साशंकतेने पाहतात, आणि ते योग्यच आहे.

दोन्ही शाखा जुळल्या त्या जीएलपी-1 या आतड्यातील संप्रेरकामुळे. गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषात जॉन एंग यांना त्या संप्रेरकासारखा, पण शरीरात अधिक काळ टिकणारा पदार्थ सापडला. त्यातून तयार झालेल्या एक्सेनाटाइड या इंजेक्शनला 2005 साली अमेरिकेत मधुमेहासाठी मान्यता मिळाली. हे औषध साखर वाढलेली असतानाच इन्शुलिन स्रवायला लावते, जठर सावकाश रिकामे होऊ देते आणि भूक मंदावते. त्यामुळे साखरेबरोबर वजनही उतरू लागले.

एकत्र वापरातला धोका त्याच सुमारास समोर आला. मेटफॉर्मिनच्या जोडीला एक्सेनाटाइड दिल्यास साखर फारशी कोसळत नव्हती, सल्फोनिलयुरियाच्या जोडीला मात्र तसे प्रसंग वाढत होते. याचे कारण साधे आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात अन्न आहे की नाही हे न पाहता स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. वर्षानुवर्षे सकाळी तीच गोळी घेणाऱ्या माणसाला नवे इंजेक्शन सुरू होते, चार घासांतच पोट भरल्यासारखे वाटते, तो ताट बाजूला सारतो आणि दोन तासांनी त्याला दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, नजरेसमोर अंधारी येते. जेवण निम्म्यावर आले, गोळी मात्र पूर्वीइतकीच राहिली. म्हणूनच असे इंजेक्शन सुरू करताना सल्फोनिलयुरियाची किंवा इन्शुलिनची मात्रा कमी करण्याचा विचार डॉक्टरांनी करावा, अशी सूचना औषधाच्या माहितीपत्रकातच असते.

मात्रा घटवण्यालाही मर्यादा आहे, हे पुढच्या दशकात कळले. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या एसजीएलटी-2 गटाच्या गोळ्यांबाबत 2015 साली अमेरिकी औषध प्रशासनाने इशारा दिला की साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोआम्ल, म्हणजे इन्शुलिन कमी पडून शरीर चरबी जाळू लागल्यावर तयार होणारे घातक आम्ल, साचू शकते. ही गोळी चालू असताना उलट्या, उपासमार आणि एकदम तोडलेले इन्शुलिन असे सारे एकत्र आले तर ती शक्यता बळावते.

त्यातच नावांचा गोंधळ वाढला आहे. जीएलपी-1सारखेच काम करणारे सेमाग्लुटाइड अमेरिकेत 2017 मध्ये ओझेम्पिक नावाने मधुमेहासाठी आणि 2021 मध्ये वेगोवी नावाने वजनासाठी मान्य झाले. त्याच धाटणीचे टिर्झेपाटाइडही तिथे 2022 मध्ये मौंजारो आणि 2023 मध्ये झेपबाउंड या नावांनी आले. साखरेसाठी एका डॉक्टरांकडे आणि वजनासाठी दुसऱ्यांकडे जाणाऱ्या रुग्णाला वेगळ्या नावांखाली एकच औषध दोनदा मिळू शकते, आणि दोन्ही चिठ्ठ्या एकत्र पाहिल्याखेरीज ते कुणाच्याच लक्षात येत नाही.