फंक्शनल मेडिसिनच्या तपासण्या करण्याआधी

फंक्शनल मेडिसिन ही अमेरिकेत रुजलेली पद्धत. आजाराला नाव देऊन न थांबता तो कशामुळे झाला याचा माग ती आहार, झोप, ताण, पचन आणि चालू औषधांतून काढते. पोषणाचा अभ्यास करणारे अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ जेफ्री ब्लँड यांनी ती पुढे आणली. १९९१ मध्ये तिच्या प्रशिक्षणासाठी संस्था निघाली. भारतात एमडीसारखी ही वेगळी मान्यताप्राप्त शाखा नाही. म्हणून सल्ला देणाऱ्याची मूळ पदवी आणि मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आधी विचारा.

आमच्या मते यातला खरा मोलाचा भाग आहे सविस्तर विचारपूस. सतत थकवा येतो म्हणून ऐंशी तपासण्यांचे पॅकेज घेण्याआधी एका कागदावर लिहा: त्रास केव्हापासून, त्याआधी काय बदलले, पाळीत रक्तस्राव किती, रात्री घोरता का, कोणत्या गोळ्या चालू आहेत. बरीच वर्षे मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) घेणाऱ्याला व्हिटॅमिन बी-१२ आणि जास्त रक्तस्राव होणाऱ्या बाईला हिमोग्लोबिन व फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), एवढ्या तपासण्यांनीही बहुतेकदा दिशा कळते. हा कागद डॉक्टरांना दाखवा आणि तपासण्या त्यांनाच ठरवू द्या.

रिपोर्ट चुकतो तो बऱ्याचदा तयारीअभावी. केसांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन हे व्हिटॅमिन असते. त्यामुळे काही यंत्रांवर थायरॉइडच्या तपासणीतले टीएसएच खोटे कमी आणि टी-४ खोटे जास्त दिसते, आणि नसलेला थायरॉइडचा आजार मागे लागतो. तपासणीआधी किमान २ दिवस ती गोळी बंद ठेवा. तापात किंवा संसर्गात फेरिटिन वाढते, त्यामुळे लोहाची कमतरता झाकली जाते. बरे झाल्यावर या. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) तीन महिन्यांच्या आत पुन्हा करण्यात सहसा अर्थ नाही, कारण लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात. लोह कमी असेल तर हा आकडा उगाच चढलेलाही दिसू शकतो.

आयजीजी फूड पॅनेल, म्हणजे रक्तातले आयजीजी प्रतिपिंड (अँटीबॉडी) मोजून कोणते अन्न बाधते ते सांगू पाहणारी तपासणी, करू नका, असेच आम्ही सांगतो. हे प्रतिपिंड तुम्ही काय खाता ते दाखवतात, काय बाधते ते नव्हे. त्यावर विसंबून गहू, दूध, डाळी सोडल्या तर मुलांचे पोषण ढासळते.

व्हिटॅमिन डी कमी निघाल्यास ६०,००० युनिटची मात्रा साधारणपणे आठवड्यातून एकदा, ८ आठवडे देतात. काही जण ती रोज घेतात. मग रक्तातले कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठता आणि मूत्रपिंडाला इजा होते.

इन्सुलिन, थायरॉइड किंवा रक्तदाबाचे औषध 'मूळ कारण सापडले' म्हणून स्वतःहून थांबवू नका. छातीत दुखणे, शौचातून रक्त, कारणाशिवाय वजन घटणे यांपैकी काही असेल तर पॅकेजचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. छातीत दुखत असेल तर थेट रुग्णालयात.