फ्यूल पंप बदलायला जिप्सी आणताय? टाकी भरून आणू नका

जुन्या मारुती जिप्सीचा फ्यूल पंप (टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे पाठवणारा पंप) बदलायला आमच्या गॅरेजकडे इंदूरच्याच नव्हे, महू, देवास, धार, खंडव्याकडच्याही गाड्या येतात. त्यातल्या बऱ्याच गाड्यांची टाकी काठोकाठ भरलेली असते. मग सकाळी घेऊन संध्याकाळी द्यायचं काम दुसऱ्या दिवसावर जातं, आणि गाडीमालकाला वाटतं की गॅरेजवाले उगीच वेळ काढताहेत. म्हणून हे सविस्तर लिहून काउंटरवर ठेवलं आहे.

टाकी भरलेली का असते, ते आम्हाला ठाऊक आहे. 2000 साली जिप्सीत एमपीएफआय इंजिन (म्हणजे इंजेक्टरनं पेट्रोल फवारणारं) आलं, त्या गाड्यांचा पंप विजेवर चालतो आणि टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. पेट्रोल त्याच्या मोटरमधूनच वाहतं, त्यामुळे मोटर थंडही राहते आणि तिला वंगणही मिळतं. पंप म्हातारा झाला की आतले ब्रश (मोटरला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) झिजतात, मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि थांबते. मे महिन्यात भेरूघाट उतरून निमाडात शिरलं, टाकी रिझर्व्हला आली, की गाडी झटके देऊन बंद पडते. अर्धा तास उभी केली की पुन्हा चालू होते. मालक जवळच्या पेट्रोल पंपावर जाऊन टाकी फुल करतो. जमिनीखालच्या टाकीतलं गार पेट्रोल आत गेलं की फ्यूल पंप गार होतो, आणि गाडी बडवाहपासून इंदूरपर्यंत निमूट येते. मालकाची खात्री पटते की पेट्रोल कमी होतं, एवढंच. पुढच्या वेळीही तो तेच करतो, आणि शेवटी गाडी आमच्या दारात येते तेव्हा टाकी भरलेली असते.

टाकी भरल्यावर जी गाडी सुधारते तिचा पंप बहुतेक वेळा शेवटच्या टप्प्यात असतो. ही खूण लक्षात ठेवा, पण उपाय म्हणून वापरू नका.

आता भरलेल्या टाकीनं काम का लांबतं ते सांगतो. जिप्सीत पंपापर्यंत वरून हात जात नाही, टाकी खाली उतरवावीच लागते. टाकी 40 लिटरची आहे. भरलेली असली तर नुसत्या पेट्रोलचंच वजन 30 किलोच्या आसपास होतं, वर लोखंडी टाकी आणि तिच्याखालचा पत्रा. अशी डचमळणारी टाकी गाडीखाली जॅकवर तोलून उतरवायला आम्ही गॅरेजातल्या मुलांना सांगत नाही. आधी पेट्रोल काढायचं, तेही गाडी उघड्यावर उभी करून, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून आणि आसपासचं वेल्डिंग-ग्राइंडिंग थांबवून. शेजारच्या कामाच्या जागेवर दुसऱ्या कुणाची गाडी असते, तीही तेवढा वेळ अडकते.

शिवाय कायद्याचाही प्रश्न आहे. 1934 च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय एका जागी 30 लिटरपेक्षा जास्त पेट्रोल ठेवता येत नाही. तुमची एक भरलेली टाकीच ती मर्यादा ओलांडते. म्हणून आम्ही तुम्हालाच कॅन आणायला सांगतो किंवा गाडी परत नेऊन पेट्रोल कमी करून आणा म्हणतो. यात रागावण्यासारखं काही नाही. काढलेलं पेट्रोल आम्ही मोजून, गाळून परत देतो.

तेव्हा काटा पाव टाकीच्या आसपास असताना या. रिझर्व्हला आणूनही येऊ नका, कारण दुखऱ्या पंपाला तोच सगळ्यात मोठा ताप, आणि चढावर पेट्रोल एका बाजूला सरकलं की पंप हवा ओढतो. गाडी वाटेत बंदच पडली तर सेल्फ मारत बसू नका, टो करून आणा. टो करताना ट्रान्सफरचा लिव्हर (टू-व्हील, फोर-व्हील ड्राइव्ह बदलायचा दांडा) न्यूट्रलला असू द्या.

काही जण विचारतात, मागच्या फ्लोअरला झाकण कापून वरूनच पंप का बदलत नाही? तसं करणारे आहेत, काम लवकरही होतं. आम्ही करत नाही. पेट्रोलच्या टाकीच्या डोक्यावर ग्राइंडरच्या ठिणग्या उडवणं आम्हाला पटत नाही. आणि कापलेल्या पत्र्याची कड एका पावसाळ्यात गंजायला लागते, मग तिथूनच धूळ आणि पाणी आत येतं.

टाकी उतरवण्याआधी आम्ही तपासणी करतो आणि तिचे पैसे घेतो. काम आमच्याकडे केलंत तर ते बिलात वळते होतात. पण तपासणी टाळून थेट पंप बदला असं म्हणू नका, कारण पंप गेला म्हणून आलेल्या गाड्यांपैकी काहींचा पंप चांगला निघतो. किल्ली ऑन केल्यावर मागून दोन-तीन सेकंद घूं असा आवाज यायला हवा. नाही आला तर फ्यूज, रिले, मग पंपाच्या कनेक्टरवरचं व्होल्टेज. बॅटरीवर साडेबारा आणि कनेक्टरवर दहा असेल तर दोष वायरचा किंवा गंजलेल्या अर्थिंगचा असतो, नवा पंपही तिथे रडतच चालेल. आवाज येतो पण गाडी ओढत नाही, तेव्हा गेज लावून प्रेशर पाहतो. प्रेशर कमी असलं तरी फिल्टर तुंबलेला असू शकतो, किंवा टाकीतला छोटा रबरी पाइप चिरलेला.

हा पाइप लहान दिसतो, पण त्यानं फार जणांना फसवलं आहे. पेट्रोलमध्ये कायम बुडून राहणारा पाइप वेगळ्या दर्जाचा लागतो, त्यावर जे30आर10 असं छापलेलं असतं. बाहेरच्या लाइनचा साधा पाइप आत बसवला की तो फुगतो, मऊ पडतो आणि क्लॅम्पमधून सुटतो. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. ते जुनं रबर खराब करतं आणि पाणीही धरून ठेवतं, म्हणून जुन्या टाकीच्या तळाशी गंज जास्त दिसतो. त्या गंजात नवा पंप टाकला तर पंपाच्या तोंडाची गाळणीची जाळी महिनाभरात भरते. त्यामुळे टाकी उतरवली की आम्ही ती आतून धुतो, जाळी, आतला पाइप, क्लॅम्प, वरचं गॅस्केट आणि बाहेरचा फिल्टर एकदमच बदलतो. हे वरचे खर्च नकोत म्हणणाऱ्यांचं काम आम्ही नम्रपणे नाकारतो. टाकी पुन्हा उतरवायची मजुरी या सगळ्या सामानापेक्षा जास्त होते.

पंप स्वतः विकत घेऊन येणार असाल तर आधी फोटो पाठवा. 2000 च्या आधीच्या आणि लष्कराच्या लिलावातून आलेल्या बऱ्याच जिप्सी कार्ब्युरेटरच्या (इंजेक्टरऐवजी पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या जुन्या पद्धतीच्या) आहेत. त्यांचा पंप टाकीत नसतो, इंजिनला बसवलेला असतो आणि इंजिनातल्या फिरत्या कॅमवर चालतो, विजेवर नाही. त्याचं प्रेशर एमपीएफआयच्या पंपाच्या दहाव्या हिश्श्याइतकंच. एमपीएफआयचा पंप कार्ब्युरेटरला जोडला तर आतलं पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह ते प्रेशर पेलत नाही आणि पेट्रोल वरून वाहायला लागतं. असे ऑनलाइन मागवलेले चुकीचे पंप आमच्याकडे नेहमी येतात, आणि पाकीट फोडलेलं असल्यानं परतही जात नाहीत. कार्ब्युरेटरवाल्यांनी एक मात्र पाहावं: ऑइलच्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर पंपाचा पडदा फाटला आहे. ऑइल पातळ झालं की बेअरिंग जातात, तेव्हा गाडी चालवून आणू नका. पंपाबरोबर ऑइलही बदलावं लागेल.

डिझेल थार, बोलेरो, जुनी एमएम540 यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे बहुधा लाइनमध्ये शिरलेली हवा किंवा फिल्टरमधलं पाणी असतं. त्यासाठी समक्ष येऊन बोला.

एमपीएफआय आणि कार्ब्युरेटर दोन्हींचे पंप आम्ही स्टॉकमध्ये ठेवतो. काढलेला जुना पंप आणि जाळी पिशवीत घालून तुम्हाला देतो, हवं तर कापून आतले ब्रशही दाखवतो. आम्ही दिलेल्या पंपाची आणि मजुरीची सहा महिने जबाबदारी आमची. तुम्ही आणलेल्या पंपाची फक्त मजुरीपुरती.

आदल्या दिवशी फोन करून मॉडेलचं वर्ष आणि टाकीचा काटा कुठे आहे ते सांगा. पाव टाकी असलेली गाडी सकाळी दहाच्या आत आली तर त्याच संध्याकाळी मिळते.