‘थोडं थांबून बघू’

दंडात लशीची सुई जाते तेव्हा पोर आपल्याच मांडीवर असतं आणि त्याचा हात आपणच घट्ट धरलेला असतो. रोग मात्र आपल्याला न विचारता येतो. साथीच्या दिवसांत आईबाबांची जी घालमेल होते, तिचं मूळ बरंचसं इथेच आहे.

१९९० मध्ये इलाना रिटोव्ह आणि जोनाथन बॅरन या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक कल्पित पेच घातला. एका रोगाने १०,००० मुलांमागे १० दगावतात. लस दिली तर तो रोग टळतो, पण लशीमुळेच काही मुलं दगावू शकतात. किती धोका असेपर्यंत लस द्याल? साध्या हिशेबाने दहाच्या आतल्या कुठल्याही आकड्याला ‘हो’ म्हणायला हवं. पण अनेकांनी त्याच्या बरंच अलीकडे हात आखडता घेतला आणि काहींना तर एकही मृत्यू चालेना. आपल्या हातून झालेलं नुकसान आपण काही न केल्याने झालेल्या नुकसानापेक्षा जड वाटतं. याला ‘ओमिशन बायस’ म्हणतात.

कोविडमध्ये गुंता आणखी वाढला, कारण मुलांना मुळातच धोका कमी होता. त्यामुळे बिचकणाऱ्या पालकांना अडाणी ठरवणं मला तेव्हाही पटलं नव्हतं. फायझरच्या लशीचा ५ ते ११ वयोगटासाठीचा डोस १० मायक्रोग्रॅमचा होता, मोठ्यांच्या एक तृतीयांश. फायझरसारख्या एमआरएनए लशींनंतर क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येई, तीही मुख्यतः किशोरवयीन मुलग्यांत आणि बहुधा दुसऱ्या डोसनंतरच्या काही दिवसांत. बहुतेक जण बरे होत. अशी सूज खुद्द कोविडनेही येते, हे मात्र बोलण्यातून निसटायचं. तज्ज्ञांचंही एकमत नव्हतं. सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रिटनच्या लसीकरण समितीला १२ ते १५ वयाच्या निरोगी मुलांसाठी आरोग्याचा फायदा जेमतेमच दिसला. दहाच दिवसांनी तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी बुडणारी शाळाही हिशेबात धरली आणि एक डोस द्या म्हणून सांगितलं. स्वीडनने जानेवारी २०२२ मध्ये ५ ते ११ वयाच्या सरसकट सगळ्या मुलांना लस सुचवायचं नाही असं ठरवलं.

त्यात भर ‘लशीनंतर झालं’ची. कोविड लशींच्या, मुख्यतः मोठ्यांवरच्या, १२ चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा पहिल्या डोसनंतर नुसतं बिनऔषधी इंजेक्शन मिळालेल्यांपैकीही सुमारे ३५ टक्के लोकांनी डोकेदुखी, थकवा असलं काहीबाही सांगितलं होतं.

ही घालमेल जुनीच. १७२१ मध्ये बॉस्टनमध्ये देवीची साथ आली, तेव्हा झॅब्डिएल बॉयल्स्टन या डॉक्टरने आपल्याच सहा वर्षांच्या मुलाला देवीच्या फोडातला पू टोचला, सौम्य देवी येऊन पुढे संरक्षण मिळावं म्हणून. लस अजून जन्मायची होती. साथीत देवी आलेल्यांपैकी सुमारे १४ टक्के दगावले, टोचून घेतलेल्यांपैकी सुमारे २ टक्के. आज २ टक्के म्हटलं तर कुणी दारात उभं करणार नाही!

पुढे अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक ठरलेला बेंजामिन फ्रँकलिन या टोचणीच्या बाजूचा. त्याचा चार वर्षांचा फ्रान्सिस १७३६ मध्ये हगवणीने अशक्त झाला होता. जरा ताकद येऊ दे, मग टोचू, असं ठरलं होतं. त्याआधीच देवी आली आणि पोर गेलं. गावभर मात्र बोभाटा झाला की टोचल्यामुळेच गेलं. अखेर, मुलाला टोचलंच नव्हतं, असं बापाला आपल्या वर्तमानपत्रात छापावं लागलं.