करवतीला बोट कसं कळतं?

दिवाळीच्या आधी घरी फर्निचरचं काम काढलं होतं. सुतारकामाला जे मामा आले ते साठीच्या आसपासचे, हात इतका साफ की पट्टी न लावता मारलेली रेघसुद्धा सरळ यायची, आणि डाव्या हाताच्या तर्जनीचं वरचं पेर नाही. त्यांचं टेबल सॉ म्हणजे दोन घोड्यांवर टाकलेला प्लायचा तुकडा, खालून कटर मशीन उलटं करून बोल्टने आवळलेलं, प्लायला पाडलेल्या चिरेतून पातं वर आलेलं. मशीनचं बटण लॉक करून ठेवलेलं, त्यामुळे चालू-बंद करायचं ते थेट भिंतीतल्या बोर्डवरून. तुमच्या घरी कधी सुतार लागले असतील तर हे टेबल तुम्ही पाहिलेलंच असणार.

मी विचारलं, मामा बोट कसं गेलं? म्हणाले, "कळलंच नाही ओ. गेल्यावर कळलं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, कारण यात विज्ञान आहे आणि ते अगदी बरोबर आहे. कारखान्यातलं साधं १० इंची पातं घ्या, ४० दात, मिनिटाला ४००० फेरे. दाताचा वेग निघतो सेकंदाला ५३ मीटर, म्हणजे ताशी १९० किलोमीटर. आता बोटाला काहीतरी लागलं ही बातमी मेंदूपर्यंत जाणार, मेंदू हात मागे घ्यायला सांगणार, स्नायू आखडणार, या सगळ्याला सेकंदाचा पाचवा भाग धरा. तेवढ्यात त्या पात्याचे १३ फेरे होतात आणि ५०० च्या वर दात त्याच जागेवरून निघून जातात. म्हणजे माणूस कितीही सावध असला, कितीही अनुभवी असला तरी हात मागे घेणं शरीराला जमणारच नाहीये. काही करायचं असेल तर ते मशीननेच करायला पाहिजे, आणि त्यासाठी आधी मशीनला कळलं पाहिजे की आत्ता जे लागलं ते लाकूड नाही, बोट आहे.

हे ज्याने केलं त्याचं नाव स्टीव्ह गॅस. अमेरिकेत ओरेगनचा माणूस, फिजिक्समध्ये पीएचडी पण पेशाने पेटंटचा वकील, आणि सुट्टीत सुतारकाम करायचा नाद. १९९९ साली स्वतःच्या शेडमध्ये टेबल सॉकडे बघताना त्याच्या मनात आलं की हे पातं वेळेत थांबवता येईल का. त्याने गणित मांडलं, काही मिलिसेकंदांत थांबलं तर जखम खरचटण्यावर निभावते असं निघालं, आणि तो कामाला लागला.

ओळखायची युक्ती आपल्या मोबाईलच्या स्क्रीनचीच समजा. आपलं शरीर म्हणजे मिठाच्या पाण्याने भरलेलं भांडं, वीज त्यातून जाते आणि थोडीफार त्यात मुरतेही, याला कपॅसिटन्स म्हणतात. स्क्रीनला बोट लावलं की तिथला सिग्नल थोडा खेचला जातो, म्हणून टच कळतो, जाड लोकरी मोजा घालून लावलं तर कळत नाही. गॅसने पातं प्लॅस्टिकच्या बुशने बाकी मशीनपासून विजेच्या दृष्टीने वेगळं केलं आणि त्यावर एक बारीकसा सिग्नल सोडून ठेवला. कोरडं लाकूड लागलं तर त्या सिग्नलला फारसं काही होत नाही. बोट लागलं की सिग्नल एकदम पडतो, कारण आपलं अख्खं शरीर तो ओढून घेतं.

पुढचा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. पात्यापासून अगदी थोड्या अंतरावर ॲल्युमिनियमचा एक ठोकळा असतो, मागे ताणलेली जबरदस्त स्प्रिंग, आणि त्या स्प्रिंगला अडवून ठेवलेली फक्त एक बारीक तार. सिग्नल पडला की त्या तारेतून एकदम करंट सोडतात, तार वितळते, स्प्रिंग सुटते, ठोकळा थेट दातांवर जाऊन आदळतो. ॲल्युमिनियमच का, तर ते मऊ आहे, दात त्यात घुसतात आणि अडकून बसतात. फिरणाऱ्या पात्यातला जोर कुठेतरी जायला हवा ना, तर त्याच जोराने पातं झटका खाऊन टेबलाखाली जातं. हे सगळं ५ मिलिसेकंदांच्या आत. पापणी लवायला याच्या वीसपट तरी वेळ लागतो. हात नेहमीच्या हळू वेगाने, समजा सेकंदाला ३० सेंटिमीटरने सरकत असेल तर ५ मिलिसेकंदांत तो दीड मिलिमीटर पुढे जातो, म्हणजे जखम तेवढीच. हात जोरात फेकला गेला तर जास्त कापणार, हे पण खरं, पण बोट हाताला राहण्याची शक्यता कितीतरी वाढते. ठोकळा मात्र एकदाच वापरायचा, नंतर ठोकळा, स्प्रिंग, तार बसवलेली डबी, म्हणजे पूर्ण कार्ट्रिज बदलायचं, आणि पातंही बहुतेक वेळा बाद. फार ओलं लाकूड किंवा ॲल्युमिनियम कापायचं असेल तर ही सिस्टीम तात्पुरती बंद करायची सोय आहे, नाहीतर ओल्या लाकडालाही ती बोट समजू शकते.

दाखवताना गॅस बोटाऐवजी हॉट डॉगचं सॉसेज वापरायचा. फळीवर सॉसेज ठेवून पात्यात ढकललं की धाड असा आवाज आणि पातं गायब, सॉसेजवर फक्त एक ओरखडा. नंतर त्याने स्वतःचं बोटही लावून दाखवलं. मोठ्या टूल कंपन्यांकडे तो हे घेऊन फिरला, कुणीच लायसन्स घेतलं नाही, शेवटी त्याने आणि त्याच्या साथीदारांनी सॉस्टॉप नावाने स्वतःच कंपनी काढली आणि २००४ साली पहिलं मशीन विकलं. २००३ मध्येच त्यांनी अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाकडे अर्ज केला होता की अशी सोय सगळ्या टेबल सॉना सक्तीची करा. त्या आयोगाच्याच अंदाजाने तिथे वर्षाला ३० हजारांच्या आसपास लोक टेबल सॉच्या पात्याने जखमी होतात. तरी तो वाद दोन दशकांहून जास्त चालला. मधे बॉशने रिॲक्स नावाचं मशीन आणलं, त्यात गाडीच्या एअरबॅगसारखा छोटा बार उडून पातं खाली ओढलं जायचं आणि पातं खराबही व्हायचं नाही, पण पेटंटच्या भांडणात २०१७ साली अमेरिकेत त्याची आयात बंद झाली. २०२४ मध्ये सॉस्टॉपने जाहीर केलं की नियम आला तर आमचं एक महत्त्वाचं पेटंट सगळ्यांना खुलं करू. ज्याने शोध लावला त्याला त्याचे पैसे मिळायलाच हवेत, पण जी गोष्ट बोटं वाचवते ती इतकी वर्षं कोर्टकचेरीत अडकून राहावी याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता खरा प्रश्न. सॉसेज बोटासारखं चालतं म्हणजे काय? मांस आणि बोट विजेच्या दृष्टीने सारखंच, दोन्ही खारं पाणी. लाकूड कापणाऱ्या करवतीचं त्यामुळे बरं चाललं. पण ज्या करवतीचं कामच मांस कापायचं आहे तिला बोट वेगळं कसं कळणार?

आपल्याकडे मटणाच्या दुकानात ठोकळा आणि सत्तूर. मोठ्या प्लांटमध्ये, विशेषतः ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये जिथे मेंढ्यांचं मांस हाडासकट कापून जगभर जातं, तिथे बँड सॉ असतो. पातळ स्टीलची दातेरी पट्टी, वर एक चाक खाली एक चाक, आणि ती पट्टी पट्ट्यासारखी गोल फिरत राहते, सेकंदाला १५ मीटर किंवा त्याहून जास्त वेगाने. समोर उभा असलेला माणूस तुकडा दोन्ही हातांत धरून पात्यात ढकलतो. खोली थंडगार ठेवलेली, बोटं बधिर, चरबीने सगळं बुळबुळीत, बोटं पात्यापासून चार बोटांवर, आणि हेच शिफ्टभर पुन्हा पुन्हा. पात्याला हाड आणि मनगट यात काही फरक नाही.

मग स्टीलच्या कड्यांचा हातमोजा घाला असं कुणी म्हणेल. सुरीसाठी तो उत्तम आहे, खाटीक काम करणारे घालतातही. पण बँड सॉवर तो उलट घातक, कारण पात्याचा दात कडीत अडकला की मोजा हातासकट आत ओढला जातो. म्हणून चालत्या करवतीवर कड्यांचा मोजा घालायचा नसतो.

तर एक उपाय निघाला रंगाचा. कामगाराला निळे मोजे द्यायचे आणि पात्याच्या वर कॅमेरा लावायचा. निळाच का, कारण मांस लाल असतं, चरबी पांढरी, हाड पिवळट, पण निळं मांस कुठेच नसतं (खाण्याच्या फॅक्टरीत जखमेला लावायच्या पट्ट्याही याच कारणाने निळ्या असतात, मालात पडली तर लगेच दिसते). कॅमेरा सेकंदाला अनेक वेळा फक्त एवढंच बघतो की पात्याजवळच्या धोक्याच्या पट्ट्यात निळं आलं का, आलं तर ब्रेक. यातली मजा म्हणजे हात पात्याला लागायच्या आधीच मशीन थांबायला लागतं. पण लेन्सवर चरबी उडते, मोजा रक्ताने माखतो, मोठा तुकडा असला की हात त्याच्या मागे लपतो. एकट्या कॅमेऱ्यावर भरवसा ठेवता येत नाही.

म्हणून न्यूझीलंडच्या स्कॉट कंपनीच्या ब्लेडस्टॉप नावाच्या करवतीत दोन्ही गोष्टी येतात. हिचं बरंच काम ऑस्ट्रेलियात झालं, तिथल्या मीट अँड लाइव्हस्टॉक ऑस्ट्रेलिया या संस्थेच्या मदतीने. माणसाचं शरीर पात्याला लागलं हे विजेच्या सिग्नलने ओळखायचं, शिवाय जोडीला निळा मोजा बघणारा कॅमेरा, आणि कळलं की सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास पातं थांबवायचं. इथे ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याची युक्ती तशीच उचलून चालत नाही, कारण बँड सॉची पट्टी पातळ आणि हलकी, खरा जोर साठलेला असतो तो दोन जड चाकांत. म्हणजे चाकं फिरत असताना पट्टी आवळून धरणं हेच यातलं मोठं काम.

मांस आणि बोट विजेला सारखंच असताना शरीराचा सिग्नल वेगळा कसा कळू शकतो हे समजायला द्राक्षबागेत चला. फ्रान्सच्या इन्फाको कंपनीने १९८४ साली बागेच्या छाटणीसाठी इलेक्ट्रिक कात्री आणली. आता नाशिककडे ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला बॅटरीच्या कात्र्या सर्रास दिसतात, दिवसभर हात दुखत नाही म्हणून मजूर खूश असतात. पण अंगठ्याएवढी काडी सहज तोडणारी कात्री बोटाला काय करेल, आणि छाटताना एका हातात कात्री तर दुसऱ्या हातात काडी असतेच. इन्फाकोने नंतर असा मोजा काढला की ज्यात वीज वाहणारा धागा विणलेला असतो आणि तो वायरने कात्रीला जोडलेला असतो. पातं मोज्याला लागलं की सर्किट पूर्ण होतं आणि पातं बंद होण्याऐवजी मागे उघडतं. काडी त्या सर्किटमध्ये नाही, माणूस आहे. "हे काय आहे" असं मशीनला ओळखायला लावायचं नाहीच, माणसालाच मशीनशी जोडून ठेवायचं. मांस असो की ओली काडी, ती जोडलेली नसते, त्यामुळे गोंधळ होत नाही. मला हे डोकं फार आवडलं. निफाडकडे मी पाहिल्या त्या कात्र्या मात्र साध्या होत्या, हा मोजा कुणाकडे नव्हता.

मांसाच्या कारखान्यातला अजून एक शोध सांगायलाच हवा. ओहायोच्या बेचर कंपनीने १९५४ साली व्हिझार्ड नावाची सुरी काढली. पातं बांगडीसारखं गोल, मधे पोकळ, मोटरने फिरणारं, आणि हातात धरून हाडावरून नुसतं फिरवायचं की मांसाचा पातळ पापुद्रा निघत जातो. साध्या सुरीने दिवसभर मनगट पिरगाळून नसा दुखावतात, तो त्रास याने कमी होतो. आणि याच कंपनीच्या वैद्यकीय शाखेने त्याच बांगडी पात्यावर त्वचा काढायचं उपकरण बनवलं, जळालेल्या रुग्णाला त्वचा लावायची असते तेव्हा पातळ, सलग, एकसारख्या जाडीचा थर काढायला. कसायाच्या टेबलावरचं पातं ऑपरेशन थिएटरमध्ये गेलं!

आणि न्यूझीलंडमध्ये आता काही ठिकाणी माणसाला पात्यासमोरून हलवलंच आहे. प्रत्येक मेंढी वेगळी, एकाच मापाने कापून चालत नाही, म्हणून आधी एक्सरे काढतात, बरगड्या आणि मणके कुठे आहेत ते कॉम्प्युटर बघतो आणि यंत्र नेमकं तिथे कापतं. पण याला प्रचंड पैसा लागतो, छोट्या प्लांटमध्ये बँड सॉ आणि समोर माणूस हेच चालू राहणार आहे.

जेवणाच्या सुट्टीत मी मामांना सॉसेजचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी तीनदा पाहिला, तिसऱ्यांदा मोबाईल हातात घेऊन डोळ्यांजवळ धरला. मग विचारलं, केवढ्याला येतं? मी सांगितलं, सगळ्यात स्वस्त मशीन तिकडेच नऊशे-हजार डॉलर, म्हणजे पाऊण लाखाच्या पुढे, आणि एकदा ब्रेक लागला की कार्ट्रिजचा खर्च वेगळा. ते काही बोलले नाहीत. मी म्हटलं, निदान ढकलायला काठी तरी करूया, आणि बटणाचं लॉक काढून पायाने दाबायचा स्विच लावूया, सोडला की मशीन बंद. दुपारी त्यांनी उरलेल्या १९ एमएमच्या प्लायमधून टोकाला खाच असलेली हातभर लांब काठी कापली, कडा पॉलिश पेपरने घासल्या आणि दुसरी एक तशीच त्यांच्याबरोबरच्या पोराला करून दिली. स्विच मी दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून आणला.