मिटलेला चाकू, उघडलेला चाकू: घडीच्या चाकूतील देखणेपण आणि उपयुक्तता यांची पार्श्वभूमी

घडीच्या चाकूचे बहुतेक आयुष्य मिटलेल्या अवस्थेत जाते. सुतळी कापणे, खोक्यावरची चिकटपट्टी चिरणे, फळाची फोड करणे अशा कामांसाठी तो मिनिटभर उघडतो आणि उरलेला वेळ खिशात किंवा खणात पडून असतो. त्यामुळे त्याचे देखणेपण पारखले जाते ते मिटलेल्या स्थितीत, मुठीवरून. त्याची उपयुक्तता मात्र पाते बाहेर आल्यावरच कळते. या दोन स्थितींच्या मागण्या एकमेकींशी जुळत नाहीत. खिशाला बारीक, गुळगुळीत आणि हलकी वस्तू हवी असते, तर हाताला भरदार, किंचित खरबरीत आणि न घसरणारी मूठ लागते. चाकूच्या रचनेत रूप मोठे की सोय मोठी, हा वाद पुन्हा पुन्हा उभा राहतो त्याचे मूळ माझ्या मते या दुहेरी आयुष्यात आहे.

आज ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या घडीच्या चाकूंपैकी एक ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे सापडला. तो इसवी सनापूर्वी सुमारे ६०० ते ५०० या काळातला असून त्याची मूठ हाडाची आहे. रोमन काळापर्यंत ही वस्तू चांगलीच पसरली होती आणि मुठीवरचे नक्षीकामही तेव्हाच बहराला आले होते. सशाचा पाठलाग करणारा शिकारी कुत्रा किंवा ढाल घेऊन उभा असलेला ग्लॅडिएटर अशा आकारात ओतलेल्या वा कोरलेल्या मुठी रोमन साम्राज्याच्या अनेक भागांत मिळाल्या आहेत. बहुतेक वेळा पाते लोखंडाचे असल्यामुळे गंजून नाहीसे झालेले असते आणि मूठ तेवढी उरलेली असते. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील एक रोमन घडीची वस्तू आहे. तिच्या चांदीच्या चौकटीत चमचा, काटा, टोचणी आणि लोखंडी पाते अशी अवजारे बसवलेली आहेत. चांदीची वस्तू बाळगणाऱ्या माणसाला जेवताना उपयोगी पडणारे सामानही त्यातच हवे होते. म्हणजे हौस आणि सोय एकाच वस्तूत कोंबण्याची धडपड तेव्हाही चालूच होती.

या सुरुवातीच्या चाकूंमध्ये पाते उघडे राहत असे ते केवळ ज्यावर ते फिरते त्या खिळ्याभोवतीच्या घर्षणावर. खरा पालट झाला तो मुठीच्या पाठीशी स्प्रिंग आल्यावर. इंग्लंडमधील शेफील्ड हे पाती बनवण्याचे जुने केंद्र होते आणि तेथील कारागिरांचा संघ १६२४ मध्ये कायद्याने स्थापन झाला. सतराव्या शतकात तेथे पाठीच्या स्प्रिंगचे चाकू रूढ होत गेले. स्प्रिंग पात्याच्या मुळावर दाब देते, त्यामुळे पाते उघडताना आणि मिटताना विशिष्ट जागी खटकन बसते. अशा चाकूच्या पाठीवरून नख फिरवून पाहावे. पाते पूर्ण उघडे, अर्धे उघडे आणि मिटलेले अशा तिन्ही स्थितींत स्प्रिंग मुठीच्या कडेशी सपाट राहत असेल आणि नख कुठेही अडकत नसेल, तर पात्याचे मूळ, स्प्रिंग आणि खिळ्याची जागा यांचे माप कारागिराने केसभरही चुकू दिलेले नाही असे समजावे. ही सपाट पाठ दिसायला सुंदर असतेच, शिवाय ती खिशाचे अस्तर ओरबाडत नाही. देखणेपण हा नेमकेपणाचा पुरावा ठरतो, अशी याहून स्वच्छ जागा मला या वस्तूत दुसरी सापडलेली नाही.

त्याच शेफील्डने दुसरे टोकही गाठले. जोसेफ रॉजर्स अँड सन्स या कारखान्याने १८२२ मध्ये त्या वर्षाच्या आकड्याइतकी, म्हणजे १८२२ पाती असलेला चाकू तयार केला. याच कारखान्याने १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनासाठी ७५ पाती व अवजारे असलेला, कोरीव शिंपल्याच्या मुठीचा ‘नॉरफोक’ चाकू घडवला. ही कामे कुणाच्या खिशासाठी नव्हती. कारखान्याचा हात किती तयार आहे हे जगाला दाखवण्यासाठी ती केलेली होती, आणि त्या दृष्टीने ती सार्थ होती. अडचण नंतर झाली. प्रदर्शनातल्या चाकूची छाप रोजच्या चाकूवरही पडत गेली आणि जास्त पाती, जास्त चकाकी म्हणजे अधिक चांगला चाकू अशी समजूत बळावली. प्रत्यक्षात प्रत्येक जादा पात्यामागे मूठ रुंद होते आणि हातात धरताना बोटांना टोचू लागते.

मुठीच्या साहित्याचा इतिहास तर या विषयाचा गाभाच आहे. हरणाच्या शिंगाची मूठ शतकानुशतके पसंत केली गेली. शिंगाच्या नैसर्गिक खाचा ओल्या हातालाही पकड देतात आणि कोणत्याही दोन मुठी सारख्या दिसत नाहीत. शिंग महाग पडू लागले तेव्हा गुरांच्या हाडावर यंत्राने किंवा हाताने खाचा पाडून, ते रंगवून शिंगासारखे केले जाऊ लागले. ही नक्कलच होती, पण खाचांमुळे पकडही आपोआप साधली आणि पुढे खाचांचे हाड हीच एक मान्यताप्राप्त शैली झाली. याउलट शिंपल्याची मूठ मिटलेल्या चाकूला अप्रतिम शोभते. प्रकाशात तिचे रंग हलतात, बोटाला ती थंड आणि रेशमी लागते. पण ती ठिसूळ असते. चाकू फरशीवर पडला तर खिळ्याच्या भोकापासून तडा जातो. म्हणून शिंपला बव्हंशी लहान, कोटाच्या खिशातल्या चाकूंपुरता राहिला. अशा छोट्या चाकूंच्या इंग्रजी नावात ‘पेन’ हा शब्द आहे तो पिसाची लेखणी तासण्याच्या कामावरून आलेला. लेखणी गेली, नाव मात्र उरले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेल्युलॉइड आले आणि मुठींना हवे ते रंग मिळाले: कासवाच्या पाठीचा, मोत्याचा, संगमरवराच्या रेषांचा. स्वस्त, हलके आणि डोळ्यांत भरणारे असे हे साहित्य होते. परंतु ते नायट्रेटयुक्त असल्याने वर्षानुवर्षांनी विघटन पावते आणि त्यातून आम्लधर्मी वायू सुटतात. बंद पेटीत ठेवलेल्या अशा चाकूंच्या बाबतीत या वायूंनी पाती आणि स्प्रिंग गंजून जातात. शेजारी ठेवलेल्या धडधाकट चाकूंनाही ती बाधा पोहोचते. म्हणून जाणकार संग्राहक सेल्युलॉइडच्या मुठीचे चाकू इतरांपासून वेगळे आणि मोकळ्या हवेत ठेवतात. मुठीचे सौंदर्यच पात्याला खाऊन टाकते, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत खेदाचे उदाहरण वाटते, कारण ज्यांनी ते चाकू जपून पेटीत ठेवले त्यांचेच नुकसान अधिक झाले.

शेतकरी आणि गुराखी यांच्या चाकूंनी वेगळी वाट धरली. फ्रान्सच्या साव्हा प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये एक साधा चाकू बनवला: बीचच्या लाकडाची गोलसर मूठ, त्यात चीर, पोलादी पाते आणि एक खिळा. १८९७ मध्ये त्याची १ ते १२ क्रमांकांची मापे ठरली. १९५५ मध्ये मुठीच्या गळ्याशी फिरणारी धातूची कडी आली आणि उघडलेले पाते बोटांवर मिटण्याची भीती गेली. या चाकूत शोभेसाठी म्हणून काही नाही, तरी त्याची मूठ हातात घेतली की ती सुंदर आहे हे सांगावे लागत नाही. त्याचा दोषही साधेपणातूनच आलेला आहे. पाण्याने लाकूड फुगते आणि चीर पात्याला घट्ट आवळून धरते. नखाने ओढून पाते हलत नाही. तेव्हा कडी मोकळी करून मुठीचा बुडखा टेबलाच्या कडेवर आपटायचा, म्हणजे झटक्याने पाते चिमटीत धरण्याइतके वर येते. साव्हातले लोक पिढ्यान्‌पिढ्या असेच करत आले आहेत. जपानमधील मिकी येथे १८९० च्या दशकात आकाराला आलेला ‘हिगोनोकामी’ याहूनही साधा आहे. दुमडलेल्या पत्र्याची मूठ आणि पात्याच्या मुळाला अंगठ्याने दाबण्यासाठी एक शेपटी, एवढाच त्याचा पसारा.

फ्रान्समधलाच लागिओल गावाचा चाकू मात्र शेताकडून जेवणाच्या टेबलाकडे गेला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो तेथे घडला, पुढे त्याला गुरांवरच्या उपचारासाठी टोचणी आणि १८८० च्या सुमारास बूच काढण्याचा स्क्रू जोडला गेला. त्याच्या स्प्रिंगच्या टोकावरची मधमाशी आज जगभर ओळखली जाते आणि ती नेपोलियनने बहाल केली अशी कथा सांगितली जाते. पण नेपोलियन १८२१ मध्ये वारला आणि मधमाशी विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे. या चाकूची बारीक, वळणदार मूठ विलक्षण देखणी आहे. तो बारीकपणा राखताना पात्यासाठी आतली जागा अपुरी पडते, म्हणून अनेक लागिओल चाकूंमध्ये पाते खटकन मिटू दिले तर धार आतल्या स्प्रिंगवर आदळून बोथट होते. जाणता माणूस तो अंगठ्याने अडवत हळुवार मिटतो. वस्तूच्या रूपाने वापरणाऱ्याच्या हाताला वळण लावले आहे, आणि हौसेने बाळगणाऱ्यांना ते जाचक वाटत नाही.

स्वित्झर्लंडमध्ये या ओढाताणीतून नवीन यंत्ररचनाच निघाली. इबाख येथील कार्ल एल्झेनर यांनी १८९१ मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. सैनिकांचा तो चाकू लाकडी मुठीचा, दणकट आणि जड होता. त्यात पात्याबरोबर डबे उघडण्याचे अवजार, टोचणी आणि बंदूक खोलण्यासाठी स्क्रू पिळण्याचे अवजार होते. अधिकाऱ्यांसाठी काही अधिक सुबक करावे या विचारातून एल्झेनर यांनी एकाच स्प्रिंगवर मुठीच्या दोन्ही बाजूंची अवजारे बसवण्याची युक्ती काढली आणि १२ जून १८९७ रोजी त्या चाकूची नोंदणी झाली. एक लहान पाते आणि बूच काढण्याचा स्क्रू वाढूनही चाकू सडपातळ राहिला. सुबक दिसण्याच्या इच्छेने यंत्ररचना सुधारली, असे हे उदाहरण मी आवर्जून नोंदवतो, कारण सौंदर्याचा हट्ट नेहमी उपयुक्ततेच्या मुळावर येतो असे सरसकट म्हटले जाते.

पोलादाच्या बाबतीत रूप आणि काम यांचे नाते उलटसुलट झाले. १९१३ मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांच्या प्रयोगांतून स्टेनलेस पोलाद पुढे आले. ते चकचकीत राहत होते, पण सुरुवातीच्या पात्यांना हवी तशी धार येत नसल्याची तक्रार होती. साधे कार्बन पोलाद फळाच्या रसाने काळवंडते, पण सहज धार घेते, म्हणून कित्येक जण अजूनही तो काळसर थर मानाचा समजतात. १९७३ मध्ये अमेरिकन चाकूकार बिल मोरन यांनी थरांच्या नक्षीची, दमास्कस नावाने ओळखली जाणारी पाती प्रदर्शनात मांडली आणि पात्याचा पृष्ठभागच शोभेची जागा बनला. ही नक्षी आजच्या चांगल्या एकजिनसी पोलादाहून अधिक कापते असे नाही.

१९६४ च्या सुमारास अमेरिकेतील बक कंपनीचा ११० क्रमांकाचा चाकू बाजारात आला. पितळी टोके, गडद लाकूड आणि उघडलेले पाते जागीच अडवून धरणारे, मुठीच्या पाठीवर दाबून सोडवायचे लॉक ही त्याची ओळख. उघडल्यावर तो सलग पात्याच्या शिकारी चाकूइतका खंबीर वाटतो. पण त्याचे वजन सुमारे २०० ग्रॅम असल्यामुळे तो खिशात न राहता पट्ट्यावरच्या चामडी म्यानात गेला. घडीच्या चाकूची घडीच निरर्थक होत चालली होती असे म्हणता येईल, तरीही त्याचे रूप इतके रुजले की पुढे कित्येकांनी त्याची नक्कल केली.

खिसा पुन्हा मध्यभागी आणला तो सॅल ग्लेसर यांनी. त्यांच्या कोलोरॅडोतील स्पायडर्को कंपनीने १९८१ मध्ये ‘वर्कर’ हा चाकू काढला. मुठीवर क्लिप असल्यामुळे तो खिशाच्या तळाशी नाण्यांत न लोळता खिशाच्या काठाला अडकून राही, आणि पात्याला गोल भोक असल्यामुळे तो एका हाताने, अंगठ्याने उघडता येई. जुन्या चाकूत नखाची खाच असते. तिच्यासाठी दोन्ही हात मोकळे लागतात आणि हातमोजा घातला तर ती निरुपयोगी होते. शिडीवर चढून एका हाताने दोर धरलेल्या माणसाला या भोकाचे मोल सांगावे लागत नाही. परंतु भोकासाठी पात्याला पाठीवर उंचवटा द्यावा लागतो आणि तो चाकू मिटल्यावरही बाहेर डोकावतो. मिटलेल्या चाकूची शतकानुशतके जपलेली अखंड रेषा त्यामुळे मोडली आणि अनेकांना हा चाकू कुरूप वाटला. १९९० मध्ये आलेल्या त्याच कंपनीच्या चाकूंची मूठ तर काचतंतुमिश्रित नायलॉनची होती. सुरुवातीला क्लिपही त्याच साच्यातून निघत असे, ती तुटू लागल्यावर स्क्रूने बसवलेली धातूची क्लिप आली. आज तो उंचवटा कुणाला खटकत नाही. कित्येकांना तो नसलेला चाकूच अपुरा वाटतो.

त्याच सुमारास चाकूकार मायकेल वॉकर यांनी मुठीच्या आतल्या पत्र्याचेच लॉक करण्याची रचना रूढ केली आणि ख्रिस रीव्ह यांनी तीच कल्पना टायटॅनियमच्या संपूर्ण मुठीवर नेली. त्यांच्या प्रसिद्ध चाकूचे ‘सेबेन्झा’ हे नाव झुलू भाषेतील ‘काम’ या अर्थाच्या शब्दावरून घेतलेले आहे. करड्या, खरखरीत टायटॅनियमवर ओरखडे पडतात आणि ते पडावेत अशीच अपेक्षा असते. याच चाकूंच्या रंगवलेल्या, जडावाच्या आवृत्त्याही निघतात आणि त्या पुष्कळदा खिशात न जाता खणात जातात.

कायद्यानेही रूपावर हात फिरवला. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्यानुसार ३ इंचांपर्यंत धारेचा घडीचा चाकू विशेष कारणाशिवाय बाळगता येतो, पण लॉक लागणारा चाकू न्यायालयांनी या सवलतीत धरलेला नाही. त्यामुळे तेथे पाठीच्या स्प्रिंगच्या जुन्या रचनेला आधुनिक पोलाद, हलकी मूठ आणि क्लिप यांच्यासह नवे आयुष्य मिळाले.

क्लिपचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. सुरुवातीच्या क्लिपमुळे चाकूचे टोक खिशाबाहेर राही आणि ते चिमटीत धरून चाकू पटकन काढता येई. ते उघडे टोक नको असलेल्यांसाठी आता क्लिप मुठीच्या अगदी टोकावर वळवून बसवतात. चाकू पूर्णपणे काठाखाली जातो आणि बाहेर धातूची एक पट्टी तेवढी दिसते. खिसा नीटस दिसतो, पण चाकू काढताना बोटांना धरायला टोकच उरत नाही, आणि हात ओले असतील तर ती पट्टी निसटते.